एलवूडचा पत्रा कारखाना, वेल्सचे कारागीर आणि आपल्याकडचे रॉकेलचे डबे

बाळीवेसकर:

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याचा सोलापुरात गोड्या तेलाचा व्यापार होता आणि त्यामुळे जुने पत्र्याचे डबे, त्यांची झाकणे, त्यांवरचे छाप असा बराच ऐवज घरात साठलेला आहे. आमच्या पेठेतील वाचनालयात जुन्या तेलबाजाराविषयी एक लहान प्रदर्शन मांडायचे ठरले आहे. तेलाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ सापडले, परंतु ज्या डब्यांतून ते तेल गावोगाव गेले त्या डब्यांच्या पत्र्याविषयी माझा मजकूर दोन ओळींच्या पुढे जात नाही, आणि ही उणीव मला बोचते आहे.

शोध घेताना अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एलवूड या गावाची माहिती वाचनात आली. तेथे १८९२ साली कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा तयार करणारा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या उद्घाटनाला तेव्हा शेजारच्या ओहायोचे गव्हर्नर असलेले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले विल्यम मॅकिन्ली स्वतः आले होते. एखाद्या राज्याच्या गव्हर्नरने शेजारच्या राज्यातील पत्र्याच्या कारखान्यासाठी प्रवास करून यावे, एवढे त्यात काय होते, हे मला कळत नाही. लोखंड आणि पोलाद यांच्या उत्पादनात अमेरिका तोवर इंग्लंडची बरोबरी करू लागली होती. मग डब्यांचा साधा पत्रा तिला इतकी वर्षे वेल्समधून का आणावा लागला? एलवूडमध्ये काम करणारे कारागीर वेल्समधून आले होते असे म्हणतात, ते कितपत खरे आहे? आणि या साऱ्या घडामोडींचा आपल्याकडे येणाऱ्या डब्यांशी काही संबंध लागतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

भट्टीशाळा:

बाळीवेसकर साहेब, प्रश्न फार चांगला विचारलात. मी बरीच वर्षे धातुकाम शिकवले असल्यामुळे कारखान्याच्या आतल्या बाजूविषयी लिहितो. जकातीचा इतिहास दुसऱ्या कोणीतरी सांगावा.

हा पत्रा साधा दिसतो, पण १९व्या शतकातील पद्धतीने तो तयार करणे अतिशय कष्टाचे होते. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना नवसागर वापरून कथिलाची कल्हई करतात, तेच तत्त्व येथे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर वापरले जाते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंडाला घट्ट धरते, अन्नाला बाधत नाही आणि डाखाचे काम सोपे करते. ही विद्या मूळची बोहेमिया आणि सॅक्सनी या भागांतली. अँड्र्यू यारंटन नावाचा इंग्रज १६६७ च्या सुमारास सॅक्सनीत जाऊन ती पाहून आला आणि त्यानंतर वेल्समधील पाँटिपूल येथे हॅनबरी घराण्याने हातोड्याने ठोकण्याऐवजी रुळांमधून पत्रा लाटण्याची पद्धत रूढ केली. दक्षिण वेल्समध्ये कोळसा होता, लोखंड होते, वाहते पाणी होते, स्वान्सीसारखे बंदर होते आणि समुद्रापलीकडे कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणी होत्या. एकाच टापूत एवढ्या गोष्टी जुळून आल्यामुळे हा धंदा तेथे रुजला आणि १९व्या शतकात लॅनेली हे गाव तर पत्र्याचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

आता प्रत्यक्ष काम पाहू. लोखंडाची, आणि १८७० च्या दशकानंतर सीमेन्स भट्टीतील पोलादाची, पट्टी लाल होईपर्यंत तापवून रुळांमधून काढायची, ती लांब झाली की दुमडायची, पुन्हा तापवायची, पुन्हा लाटायची, असे करत शेवटी आठ पदरांचा गठ्ठा एकदम लाटला जाई. घडीची पोळी लाटताना पदर वेगळे राहावेत म्हणून जी काळजी घ्यावी लागते तीच येथे लाल तापलेल्या पोलादाच्या बाबतीत घ्यायची, असे म्हटले तर कल्पना येईल. उष्णता थोडी जास्त झाली तर पदर एकमेकांना चिकटत आणि सगळा गठ्ठा वाया जाई. कमी झाली तर पत्रा फाटे. भट्टीवाला, रूळवाला, दुमडणारा आणि रुळांच्या मागे उभे राहून पत्रा परत देणारा मुलगा अशी एक जुळलेली टोळी लागे. ही माणसे एकमेकांच्या हालचाली न बोलता ओळखत असत. गार झालेल्या गठ्ठ्याचे पदर हाताने सोलून वेगळे करण्याचे काम स्त्रिया करीत; धारदार कडांपासून बचाव व्हावा म्हणून त्या हाताला कातडे बांधून घेत. मला या स्त्रियांविषयी विशेष आदर वाटतो, कारण मालकांच्या हकिगतींनी भरलेल्या इतिहासात त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीपुरताच येतो.

यानंतर गंधकाच्या आम्लात पत्रा धुऊन त्यावरची काळी खपली काढायची, लोखंडी पेट्यांत बंद करून तो सावकाश तापवून मऊ करायचा, गार रुळांतून काढून गुळगुळीत करायचा, पुन्हा मऊ करायचा, पुन्हा आम्लात बुडवायचा आणि मग तो मुलाम्याच्या खोलीत जाई. तेथे वितळलेल्या कथिलावर आफ्रिकेतून आणलेले पाम तेल तरंगत असे, म्हणजे तापलेल्या पत्र्याला हवा लागत नसे. १८६० च्या दशकापासून कथिलाच्या भांड्यातच रूळ बसवण्याची मोअरवूड यांची पद्धत आली आणि मुलाम्याची जाडी आवरता येऊ लागली, त्यामुळे महाग कथिलाची मोठी बचत झाली. शेवटी मुली कोंड्याने आणि मेंढीच्या कातड्याने पत्रा पुसून चकचकीत करीत. विक्रीचे माप पेटीचे होते: १४ इंच बाय २० इंच आकाराचे ११२ पत्रे, वजन साधारण १०८ पौंड. तुमच्या प्रदर्शनात हे माप अवश्य लिहा, कारण जगभराचा व्यापार याच पेटीच्या हिशेबाने चालत असे.

म्हणून अमेरिकेजवळ पोलाद असणे पुरेसे नव्हते. पत्रा लाटणारे हात तिच्याजवळ नव्हते आणि ते हात वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाहीत.

जकातनाका:

भट्टीशाळा सरांनी कारखान्याचे इतके स्पष्ट चित्र उभे केले की पुढचे सांगणे सोपे झाले. मी व्यापाराच्या बाजूने लिहितो.

डबाबंद अन्नाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. पीटर डुरंड यांनी १८१० मध्ये पेटंट घेतले आणि डोन्किन व हॉल यांनी १८१३ च्या सुमारास लंडनमधील बर्मंडसी येथे कारखाना काढला. परंतु या पत्र्याची खरी भूक अमेरिकेला लागली. तेथील यादवी युद्धानंतर फळे, भाज्या, मासे आणि मांस डब्यांत भरण्याचा धंदा झपाट्याने वाढला आणि त्याच काळात रॉकेल चौकोनी डब्यांत भरून जगभर पाठवले जाऊ लागले. एवढा सगळा पत्रा वेल्समधून येई. १८९१ साली ब्रिटनने एकट्या अमेरिकेला सुमारे ३ लाख २५ हजार टन पत्रा पाठवला आणि हा आकडा त्यांच्या एकूण निर्यातीच्या सुमारे पाऊणपट होता. ज्या उद्योगाचा एवढा हिस्सा एकाच गिऱ्हाइकावर उभा असतो, त्याची मान त्या गिऱ्हाइकाच्या हाती जाते.

अमेरिकेने आधी प्रयत्न केले नव्हते असे नाही. १८७० च्या दशकात वेल्सव्हिल, लीचबर्ग आणि डेमलर येथे कारखाने निघाले, परंतु वेल्सच्या पत्र्याचा भाव उतरला आणि त्यांना काम थांबवावे लागले. येथे एक जुनी गोष्ट आड आली. १८६४ च्या जकात कायद्यात कथिलाच्या पत्र्यावर पौंडाला अडीच सेंट जकात बसेल अशी वाक्यरचना होती, पण अर्थमंत्री फेसेंडेन यांनी वाक्यातील स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला आहे असे ठरवून तो दुसरीकडे धरला. त्यांच्या अर्थाने ती जकात केवळ मुलामा दिलेल्या इतर लोखंडाला लागू झाली आणि डब्यांच्या पत्र्याला किमतीवर २५ टक्के एवढीच आकारणी उरली. पुढे ती आणखी खाली आली आणि १८८३ मध्ये पौंडाला एक सेंट ठरली. देशी कारखाने उभे करू पाहणाऱ्यांच्या मनात त्या स्वल्पविरामाचा सल पंचवीस वर्षे राहिला.

मग १ ऑक्टोबर १८९० रोजी मॅकिन्ली यांच्या पुढाकाराने झालेला जकात कायदा मंजूर झाला. १ जुलै १८९१ पासून पत्र्यावर पौंडाला २.२ सेंट, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त जकात लागली. त्या कायद्यातील एक अट मला फार महत्त्वाची वाटते: ठरावीक हलक्या पत्र्याचे देशी उत्पादन जून १८९७ पूर्वीच्या एखाद्या वर्षी आयातीच्या एक तृतीयांशाइतके झाले नाही, तर ऑक्टोबर १८९७ पासून पत्रा जकातमुक्त होणार होता. संरक्षण द्यायचे, पण त्याबरोबर मुदत आणि कसोटीही द्यायची, हा विचार आजही अभ्यासण्यासारखा आहे.

मॅकिन्ली मात्र १८९० च्याच नोव्हेंबरमधील निवडणुकीत आपली जागा हरले, कारण भाववाढीने लोक रागावले होते. नंतर ते ओहायोचे गव्हर्नर झाले. विरोधक म्हणत की अमेरिकेत पत्रा तयार होतच नाही, वेल्सहून आलेला काळा, म्हणजे मुलामा न दिलेला, पत्रा बाहेरून आलेल्या कथिलात बुडवून काढतात एवढेच. आणि सुरुवातीच्या कित्येक कारखान्यांच्या बाबतीत हे खरेही होते. एलवूडचा कारखाना स्वतःचा काळा पत्रा स्वतःच लाटणाऱ्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी होता. म्हणून १८९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर महिन्यात, मॅकिन्ली एलवूडला आले. त्यांच्या कायद्यावर झालेल्या आरोपांचे उत्तर त्या इमारतीच्या रूपाने उभे होते. बाळीवेसकर साहेब, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

आकडेही सांगतो. जून १८९२ अखेरच्या वर्षी अमेरिकेत सुमारे १ कोटी ३६ लाख पौंड पत्रा झाला. जून १८९७ अखेरच्या वर्षी तो सुमारे ४४ कोटी ७० लाख पौंडांवर गेला. ब्रिटनची अमेरिकेला होणारी निर्यात १८९९ पर्यंत ६५ हजार टनांच्या आसपास उतरली. मध्यंतरी १८९४ च्या कायद्याने जकात १.२ सेंटपर्यंत कमी केली, तरी वाढ थांबली नाही.

बाळीवेसकर:

दोघांचेही मनापासून आभार. स्वल्पविरामाची हकिगत तर मी मोठ्या अक्षरांत लावणार आहे.

एक शंका राहते. जकात १८९४ मध्ये निम्म्याजवळ आली आणि तरीही कारखाने वाढत राहिले, तर मग एलवूड केवळ कायद्यामुळे उभे राहिले असे म्हणता येईल का? आमच्या शहरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तीही काही एका कायद्याने निघाली नव्हती. मुंबईचे भांडवल, रेल्वे, आसपासचा कापूस आणि पिढ्यानपिढ्या मागावर बसलेले लोक हे सगळे त्यामागे होते. एलवूडबाबतही तसे काही असणार, असे मला वाटते.

सात रस्ता:

आपली शंका रास्त आहे आणि जकातनाका यांच्या मांडणीत ही बाजू थोडी मागे पडली, असे मलाही वाटते.

एलवूडच का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. १८८६ पासून इंडियानाच्या पूर्व भागात नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला आणि तेथील गावे कारखानदारांना वायू जवळपास फुकट, जमीन फुकट, असे आमंत्रण देऊ लागली. भट्टीशाळा सरांनी वर्णन केलेल्या प्रक्रियेत पत्रा किती वेळा तापवावा लागतो ते पाहा. इंधनच जर पाण्याच्या भावात मिळाले तर वेल्सच्या कोळशाचा लाभ संपतो. जवळच्या गॅस सिटी आणि अँडरसन या गावांतही याच कारणाने पत्र्याचे कारखाने निघाले. पोलाद स्वस्त झाले होते, रेल्वे होती, डबेबंदीचे कारखाने मध्य-पश्चिमेत जवळ होते. कथील मात्र अमेरिकेला कधीच घरचे मिळाले नाही. डकोटातील हार्नी पीकच्या खाणींवर पुष्कळ आशा बांधली गेली होती, पण ती फोल ठरली आणि मलायातील कथीलच वापरावे लागले. जकातीने दार उघडले, आत काय होते ते वायूने आणि माणसांनी ठरवले, असे माझे मत आहे.

माणसांविषयी सांगायचे तर आपण ऐकले ते खरे आहे. १८९१ मध्ये वेल्समध्ये पाचशेहून अधिक मिली होत्या. अमेरिकेचे गिऱ्हाईक तुटताच त्यांतल्या कित्येक बंद पडल्या. ज्या कारागिरांचे पोट त्या कायद्याने मारले, तेच कारागीर जास्त मजुरीसाठी अटलांटिक ओलांडून एलवूड, न्यू कॅसल, मार्टिन्स फेरी अशा गावांत गेले आणि आपल्या गावाशी स्पर्धा करणारे कारखाने त्यांनी आपल्या हातांनी चालवले. त्यांना दोष देणे मला जमत नाही. घरी चूल पेटत नसेल तर आपल्या अंगी असलेली विद्या घेऊन माणूस जेथे काम आहे तेथे जाणार. तेलंगणातून सोलापुरात येऊन येथील यंत्रमाग उभे करणाऱ्या पद्मशाली समाजाच्या शहराला हे वेगळे सांगावे लागू नये. या लोकांनी नव्या गावांत आपली चर्च बांधली, आपल्या गायनस्पर्धा भरवल्या आणि पुढच्या पिढीला भट्टीवर उभे केले.

परंतु नव्या देशातही त्यांच्या पाठीशी स्थैर्य राहिले नाही. एलवूडच्या कारखान्यात भांडवल गुंतवलेले डॅनियल रीड आणि विल्यम लीड्स यांनी मूर बंधूंच्या साहाय्याने डिसेंबर १८९८ मध्ये देशातील जवळजवळ सर्व पत्रा कारखाने एका अमेरिकन टिन प्लेट कंपनीत गोळा केले. सात-आठ वर्षांपूर्वी ज्या बाळ उद्योगाला संरक्षण हवे म्हणून संसदेत भाषणे झाली, तो उद्योग एका मक्तेदारीच्या हाती गेला आणि तिला आता १८९७ च्या डिंग्ली जकात कायद्याने पौंडाला दीड सेंटाचे संरक्षणही होते. १९०१ मध्ये ही कंपनी युनायटेड स्टेट्स स्टीलमध्ये सामील झाली. त्याच वर्षी कामगार संघटनेने मान्यतेसाठी संप केला आणि तो हरला. संरक्षक जकातीचे गुण सांगताना हा भाग वगळला जातो, म्हणून मुद्दाम लिहिले.

एलवूडचा वायू नव्या शतकाच्या सुरुवातीलाच सरला. कारखाना त्यानंतरही चालला, पण सलग पट्टी लाटणाऱ्या नव्या गिरण्या आल्यावर हाताने गठ्ठे लाटणाऱ्या मिली टिकणे शक्य नव्हते आणि १९३० च्या दशकात तो बंद झाला. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वेंडेल विल्की, जे १८९२ मध्येच एलवूडला जन्मले होते, त्यांनी आपली उमेदवारी याच गावात येऊन स्वीकारली.

रेल्वे लाईन्स:

आपल्याकडच्या डब्यांचा प्रश्न मागे राहिला आहे, तो मी घेतो, कारण मला या कथेतील तोच भाग सर्वांत जवळचा वाटतो.

वेल्सचा धंदा १८९० च्या दशकात मोडला, पण संपला नाही. त्याने दुसरी गिऱ्हाइके शोधली आणि त्यांत पूर्वेकडच्या रॉकेलचा वाटा मोठा होता. बाटूम बंदरातून निघणाऱ्या रशियन तेलाला डबे लागत, बर्माच्या तेलाला लागत, डच ईस्ट इंडीजच्या तेलाला लागत. १८९२ मध्ये लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी म्युरेक्स या जहाजातून सुवेझमार्गे सुटे तेल पूर्वेकडे पाठवले, तेव्हा लोक आपापली भांडी घेऊन तेल न्यायला येतील असा त्यांचा अंदाज होता. परंतु येथील गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्ड ऑइल या अमेरिकन कंपनीचे निळे डबे घरोघर वापरात होते. मग सॅम्युअल यांनी वेल्सचा पत्रा मागवून पूर्वेतच डबे बनवण्याची व्यवस्था केली आणि आपले डबे लाल रंगवले. चार गॅलनचा एक डबा, असे दोन डबे एका लाकडी खोक्यात, हा त्या व्यापाराचा नेहमीचा संच होता.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. रेल्वेने आलेला रॉकेलचा डबा रिकामा झाला की पाणी भरायला, धान्य ठेवायला, तूप-तेल साठवायला वापरला जाई. कड्या लावून त्याची बादली होई, कापून त्याची चाळणी, दिवा, मापटे आणि नाळके होई. एका अर्थाने आपल्याकडे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरांचा कच्चा माल या रिकाम्या डब्यांतून आला. आपण गोड्या तेलाच्या डब्यांचे प्रदर्शन मांडत आहात, तर त्या डब्याची चौकोनी घडण रॉकेलच्या डब्यावरून आलेली आहे, हे आवर्जून लिहावे.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या पत्र्याची टंचाई झाली आणि १९२० मध्ये बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे डिसेंबर १९२२ मध्ये उत्पादन सुरू झाले. पोलादाच्या पट्ट्या टाटांकडून, डब्यांचे गिऱ्हाईक तेल कंपन्या, आणि शिकवायला वेल्सचे कारागीर, असा तो योग होता. १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्यात पत्र्याचाही समावेश झाला, म्हणजे अमेरिकेने १८९० मध्ये वापरलेले हत्यार भारतात वेल्सच्याच मालाविरुद्ध वापरले गेले. फरक एवढाच की येथे त्या संरक्षणाचा लाभ प्रथम ब्रिटिश तेल कंपनीला झाला आणि गोलमुरीच्या कामगारांना १९२९ मध्ये मोठा संप करावा लागला.

ही कंपनी जानेवारी २०२४ मध्ये टाटा स्टीलमध्ये विलीन झाली. तिकडे वेल्समध्ये जुन्या हातमिली जाऊन १९५० च्या दशकात लॅनेलीजवळ ट्रॉस्ट्रे येथे आधुनिक कारखाना सुरू झाला. २००७ मध्ये टाटांनी कोरस ही पोलाद कंपनी घेतल्यापासून तोही टाटांच्याच मालकीचा आहे.

आता प्रदर्शनापुरती एक सूचना. घराच्या छपराचा पन्हाळी पत्रा आणि डब्याचा पत्रा एकाच टेबलावर ठेवून एकच माहितीपट्टी लावू नका. छपराच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि त्यावर मोठमोठ्या स्फटिकांची नक्षी डोळ्यांना दिसते, तर कथिलाचा पत्रा एकसारखा चकचकीत असतो. जुन्या डब्यांची शिवण शिशाच्या डाखाने बंद केलेली असते, तेव्हा शाळेची मुले पाहायला येणार असतील तर त्यांत चणे-शेंगदाणे भरून ठेवण्याचा विचार टाळावा. डबे चिंचेने किंवा राखेने घासू नका. मुलामा पातळ झालेला असतो, तो गेला की खालचे लोखंड लगेच गंजू लागते. कोरड्या मऊ फडक्याने पुसून छाप दिसतील अशा उजेडात ते मांडावेत.